चारपैकी एकच अक्कलदाढ काढली: मिरजेच्या दवाखान्याचा अनुभव

मिरजेतल्या या दवाखान्यात मी मार्चपासून सहा खेपा केल्या. त्यात माझी एक अक्कलदाढ निघाली आणि तीन जागच्या जागी राहिल्या. निघालेल्या दाढेबद्दल लिहीनच, पण मला जास्त सांगायचंय ते राहिलेल्या तिघींबद्दल. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी चारही दाढा एका बैठकीत काढायचं जवळपास ठरलं होतं. चाळिशी ओलांडल्यावर हा निर्णय घ्यायचा तर डॉक्टरांना काय विचारायचं, हे मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

मी एसटीत वाहक. आगार कवठेमहांकाळ, नोकरी सोळा वर्षं, वय ४२. आमचं निम्मं काम तोंडावर चालतं. "मागं सरका, पाठीमागं जागा आहे", "सुटे द्या", "मिरज कोण आहे, मिरज" हे दिवसातून किती वेळा होतं त्याची मोजदाद नाही. गाडी मागे घेताना शिट्टी मारावी लागते. तोंड बंद पडलं की वाहक निम्मा बंद पडतो. म्हणून हा विषय माझ्यासाठी दुखण्यापुरता नव्हता.

मार्चमध्ये मी मुक्कामी गाडीवर होतो. जत तालुक्याच्या पूर्वेला, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेलं गाव. रात्री गाडी पोचते, सकाळी सहाला सुटते, आणि आम्ही दोघं गाडीतच आडवे होतो. अकराच्या सुमाराला उजवीकडे खाली, अगदी शेवटच्या दाढेपाशी ठणका सुरू झाला. थोड्या वेळानं कान दुखतोय की दाढ, तेही कळेना. थुंकी गिळली तरी घशापर्यंत कळ जायची. ड्रायव्हरनी समोरच्या घरातल्या आजींना हाक मारली. त्या कन्नड बोलणाऱ्या. माझा गालावरचा हात बघून "हल्लू नोवू?" एवढंच विचारलं, आत जाऊन पाणी कोमट केलं, मीठ घालून तांब्याभर आणून दिलं आणि दोन लवंगा हातावर ठेवल्या. शेजारच्या एकानं तंबाखू दाबून धरायला सांगितली, ते मी केलं नाही. लवंग धरली, तासभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. लवंगेच्या तेलानं तेवढ्यापुरतं बधिर होतं, आतला जंतुसंसर्ग जागेवरच राहतो, हे मला पुढे डॉक्टरांकडून कळलं. दुखण्याची गोळी कुटून हिरडीवर ठेवायची जी पद्धत आहे तिनं तर हिरडी भाजते, हेही त्यांनीच सांगितलं.

सकाळी तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना. सहाची गाडी काढली आणि सबंध फेरी हातवाऱ्यांवर तिकिटं फाडली. रोजची मंडळी, कुणी काही बोललं नाही. एका शाळकरी मुलीनं उतरताना "मास्तर, दवाखान्यात जावा" म्हटलं.

असं दुखणं ही दुसरी वेळ होती. आधीच्या ऑगस्टमध्येही झालं होतं. तेव्हा मेडिकलमधून गोळ्या आणल्या, चार दिवसांत उतरलं, आणि मी विसरून गेलो.

त्या आठवड्यात मी आधी एका दुसऱ्या दवाखान्यात गेलो. त्याचं नाव लिहीत नाही. तिथे सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे काढला, त्याला ओपीजी म्हणतात. डॉक्टरांनी पडद्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, चारही अक्कलदाढा आहेत, चारही काढून टाकू, नाहीतर पुढचे दात वाकडे होतील. खर्च बत्तीस हजार, पण आजच ठरवलंत तर अठ्ठावीस. मी म्हटलं, घरी विचारतो. बाहेरच्या मुलीनं तारीख लिहून हातात कागद दिला. सांगणाऱ्या माणसाचा हेतू मला माहीत नाही, त्यामुळे त्यावर बोलणार नाही. पण तोंड उघडत नसलेल्या, रात्रभर न झोपलेल्या माणसाला "आजच ठरवा" म्हणणं मला पटलं नाही, आजही पटत नाही.

माझी भाची बीडीएसच्या, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीच्या, शेवटच्या वर्षाला आहे. तिला ओपीजीचा फोटो पाठवला. रात्री तिचा फोन.

"मामा, चारही दुखतात का?"

"नाही गं, एकच. उजवी खालची."

"मग बाकीच्या तीन कशासाठी काढायच्या म्हणाले?"

मला उत्तर देता आलं नाही. 'चार आहेत म्हणून' एवढंच माझ्याकडे होतं.

पुढचे दात वाकडे होतात या भीतीनं अक्कलदाढ काढायला आधार नाही, तेही बेचाळिसाव्या वर्षी, हे तिनं पहिल्यांदा सांगितलं. मग म्हणाली, ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेला सल्ला देणारी 'नाइस' नावाची संस्था आहे. तिनं २००० सालीच सांगून ठेवलंय की हाडात अडकलेली पण निरोगी अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. कीड लागून भरण्यापलीकडे गेली, गळू झालं, गाठ झाली, हिरडीची सूज पुन्हा पुन्हा यायला लागली, असं कारण हवं. पहिल्यांदा सूज आली आणि ती फार तीव्र नसेल तर तेवढ्यावरूनही काढत नाहीत, दुसऱ्यांदा आली की विचार करतात. मी मनात ऑगस्ट आणि मार्च मोजले.

पण ती एकाच बाजूनं बोलली नाही, याचं मला कौतुक आहे. म्हणाली, मामा, सगळ्या जगाचं यावर एकमत नाही. न दुखणारी दाढ काढावी की ठेवावी याचा ठोस पुरावा दोन्ही बाजूंनी अपुरा आहे, असं सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या २०२० च्या आढाव्यातही म्हटलंय. शिवाय तिरकी दाढ ठेवून दिली आणि तिच्यामुळे शेजारची चांगली दाढ किडली, अशी माणसं उशिरा, जास्त वयात दवाखान्यात येतात हेही ब्रिटनमधल्याच डॉक्टरांनी नंतर मांडलं. "तू जबड्याच्या सर्जनला दाखव. एमडीएस झालेले, तोंडाच्या आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेवाले. आणि प्रत्येक दाढेचं वेगळं विचार."

हे शेवटचं वाक्य मी तिकिटाच्या मागे लिहून खिशात ठेवलं.

मिरज आमच्या भागात दवाखान्यांचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे दवाखाना सुरू केला, तेव्हापासून आजारी माणसानं मिरजेची गाडी धरायची हे आमच्याकडे ठरलेलं. माझ्या गाडीत रोज फायली आणि एक्स-रेची मोठी पाकिटं घेतलेली माणसं असतात. या वेळी पाकीट माझ्या हातात होतं.

दवाखाना स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर, पहिल्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला घेऊन जाणार असाल तर हे आधी लक्षात घ्या, जिना उभा आहे. वेळ साडेअकराची दिली होती, आत बोलावलं एक वाजता. प्रत्येक खेपेला असंच झालं, सर्वांत कमी थांबावं लागलं तेव्हाही चाळीस मिनिटं गेली. ड्युटी सांभाळून येणाऱ्याला हे जड जातं. मी हे त्यांना तोंडावर सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, पण फरक पडलेला दिसला नाही.

आत गेल्यावर मात्र घाई नव्हती. डॉक्टर बाई आहेत, माझ्याच वयाच्या असतील. आधी तोंड किती उघडतं ते बघितलं, जबड्याखाली चाचपलं, ताप आहे का, गिळताना-श्वास घेताना अडतंय का विचारलं. म्हणाल्या, सूज जबड्याखाली किंवा गळ्याकडे उतरली, गिळता येईना, ताप चढला, तर दातांचा दवाखाना शोधत बसायचं नाही, थेट मोठ्या इस्पितळात जायचं, रात्र असली तरी. तसं माझं नव्हतं. दाढ अर्धी बाहेर, अर्धी हिरडीखाली, आणि वर हिरडीचा एक पडदा. त्या पडद्याखाली अन्न अडकतं, तिथे ब्रश पोचत नाही, मग जंतू वाढून सूज येते. पडद्याखालची जागा त्यांनी सिरिंजनं धुऊन काढली. जो वास आला तो मलाच सहन होईना. पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, त्यातल्या एका गोळीवर दारू अजिबात चालत नाही हे बजावून सांगितलं, आणि म्हणाल्या, "आज काही काढायचं नाही. सूज उतरू दे. पुढच्या आठवड्यात या, मग बोलू."

पुढच्या आठवड्यात अर्धा तास बोलणं झालं. माझ्या मते या दवाखान्याची खरी सेवा तो अर्धा तास आहे. मी खिशातलं तिकीट काढलं आणि विचारलं, "मॅडम, चारही दाढांचं वेगवेगळं सांगा." त्या हसल्या नाहीत. ओपीजी पडद्यावर लावला आणि एकेक दाढ घेतली.

उजवी खालची: पुढच्या दाढेवर तिरकी कलंडलेली, अर्धवट आलेली. आठ महिन्यांत दोनदा सूज. आणि जे मला कुणीच सांगितलं नव्हतं ते म्हणजे तिच्या धक्क्याला, शेजारच्या चांगल्या दाढेच्या मागच्या अंगाला कीड धरायला लागली होती. एक्स-रेवर ती एक काळपट खाच होती, मुगाच्या दाण्याएवढी. "ही अक्कलदाढ तुमच्या चावायच्या कामाची नाही, पण जिला ती खराब करतेय ती पुढची दाढ तुम्हाला सत्तरीपर्यंत लागणार आहे." ही काढायची.

डावी खालची: पूर्ण हाडात गाडलेली. वर हाड, त्यावर हिरडी, तोंडाशी तिचा संबंधच नाही. दुखत नाही, सूज नाही, भोवती गाठ दिसत नाही. आणि तिची मुळं जबड्यातल्या नसेवर आलेली. ही नस त्यांनी मला पेनानं दाखवली. खालच्या जबड्याच्या हाडातून एक बोगदा जातो, ओपीजीवर त्याच्या दोन पांढऱ्या कडा दिसतात. उजवीकडे त्या कडा सलग होत्या आणि मुळांपासून लांब. डावीकडे मुळाजवळ वरची कड तुटलेली दिसत होती आणि मूळ तेवढ्या भागात काळसर पडलं होतं. नस आणि मूळ अगदी जवळ असल्याची ती खूण. त्यातली नस खालच्या ओठाची आणि हनुवटीची जाणीव सांभाळते. जिभेकडे जाणारी दुसरी नस दाढेच्या आतल्या अंगाला असते.

इथे मी त्यांना थांबवलं. माझी भीती तीच होती. विचारलं, ओठ बधिर राहिला तर मला बोलता येईल का? त्या म्हणाल्या, ओठ हलवणारी नस वेगळी आहे, तोंड वाकडं होत नाही. पण ओठाला लागलेलं कळत नाही, चहा सांडला तरी जाणवत नाही, जीभ बधिर झाली तर चव आणि शब्द दोन्हींना त्रास होतो. खालच्या अक्कलदाढेनंतर शंभरात मोजक्या लोकांना काही आठवडे-महिने असा बधिरपणा राहतो, कायमचा राहण्याचं प्रमाण शंभरात एकाहून कमी. मूळ नसेला चिकटलेलं असेल तर धोका यापेक्षा वाढतो. "जिच्यात काही आजार नाही ती काढण्यासाठी मी तुमचा ओठ पणाला लावणार नाही."

आणि उद्या तिनं त्रास दिला तर? तर आधी सीबीसीटी म्हणजे तिन्ही बाजूंनी दिसणारा स्कॅन काढायचा. नस खरंच चिकटलेली असेल तर दाढेचा फक्त वरचा भाग कापून काढतात आणि मुळं आत तशीच ठेवतात, अशीही पद्धत आहे. ती सगळ्यांना चालत नाही, पण पर्याय आहे हे कळल्यावर माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. ठेवण्याचीही किंमत आहे हे त्यांनी लपवलं नाही. गाडलेल्या दाढेभोवती क्वचित पाण्याची गाठ होते आणि ती आवाज न करता हाड खात जाते. म्हणून वर्षानं एकदा एक्स-रे, सगळं ठीक असेल तर पुढे दोन-तीन वर्षांनी.

वरच्या दोन्ही सरळ आलेल्या, ब्रश पोचतो, कीड नाही. उजवी खालची निघाल्यावर उजव्या वरचीला समोरून टेकायला कुणी राहणार नाही, ती हळूहळू खाली उतरू शकते. काही डॉक्टर तिलाही सोबतच काढतात. याबाबत त्यांचं मत असं की वरची काढणं सोपं असतं, पाच-दहा मिनिटांचं काम, गाल किंवा खालची हिरडी चावायला लागली तर तेव्हा काढू.

मी विचारलं, विशीत आलो असतो तर बरं झालं असतं का? त्यांनी सरळ उत्तर दिलं. उजवीच्या बाबतीत हो. अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वयात येते, तेव्हा मुळं पुरती बनलेली नसतात, हाड मऊ असतं, जखम लवकर भरते. चाळिशीत हाड घट्ट, सूज जास्त, भरायला वेळ. डावीच्या बाबतीत तेव्हाही हात लावायची गरज नव्हती.

घरी वेगळीच वादावादी. आई म्हणाली, दाढ काढली की डोळ्यावर येतं, तुझ्या मावशीला चष्मा लागला. आईचं वय ७१, तिला हिणवून काय मिळणार. मी डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं, की दाढेची नस आणि नजरेची नस वेगवेगळ्या, एकीचं दुसरीशी देणंघेणं नाही. मावशीला चष्मा लागायचं वयच होतं ते. आई गप्प बसली, पण शस्त्रक्रियेच्या दिवशी देवापुढे दिवा लावून बसली होती. आमच्या आगारातल्या एका ड्रायव्हरना हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. माझं ऐकून तेही दाढ काढायला निघाले आणि मनानंच गोळी बंद करणार होते. मी त्यांना थांबवलं. अशी गोळी स्वतःहून बंद करायची नसते, दातांच्या डॉक्टरांना सांगायचं आणि ज्यांनी गोळी दिली त्यांना विचारायचं. मधुमेह असेल, किंवा हाडं ठिसूळ झाल्याची औषधं चालू असतील, तर तेही आधी सांगायला हवं. आमच्याकडे घरोघरी बायका मिश्री लावतात, पुरुष तंबाखू खातात. जखम भरेपर्यंत ते पूर्ण बंद, एवढं तरी प्रत्येकानं ऐकावं अशी माझी हात जोडून विनंती आहे.

एप्रिलमध्ये पाच दिवसांची रजा टाकली. सकाळी पोटभर नाश्ता करूनच या म्हणून सांगितलं होतं, भूल फक्त जागेवरची होती. रक्तदाब बघितला, साखर बघितली. संमतिपत्र मराठीत होतं, मी सगळं वाचून सही केली, मध्ये दोन प्रश्न विचारले. इंजेक्शन दिल्यावर दहा मिनिटांत उजवा ओठ आणि अर्धी जीभ जड झाली. माझ्या भीतीचाच नमुना मला तिथे हातात मिळाला. ओठाला बोट लावलं, बोटाला ओठ कळत होता, ओठाला बोट कळत नव्हतं.

दुखलं नाही. हे मी शपथेवर सांगतो, कारण या भीतीनंच लोक वर्षानुवर्षं येत नाहीत. दाब जाणवतो, खूप जाणवतो, जबडा कुणीतरी हलवतंय असं वाटतं. हाड थोडं कापताना यंत्राचा आवाज कवटीत घुमतो, पाणी घशाशी येतं, ते नळीनं ओढून घेतात. डॉक्टर प्रत्येक टप्पा आधी सांगत होत्या. "आता दाढेचे दोन तुकडे करतेय, कटकन आवाज येईल." आला. दुखलं तर डावा हात वर करा म्हणून सांगितलं होतं, एकदा केला, त्या थांबल्या, आणखी भूल दिली. एकूण पस्तीस मिनिटं, तीन टाके. दाढेचे दोन तुकडे मला दाखवले.

पाऊण तास कापूस दाबून धरायचा. त्या दिवशी जोरात थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉनं काही ओढायचं नाही, बाहेरून बर्फ लावायचा. खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते, तीच जखमेचं झाकण असते, ती हलली तर हाड उघडं पडतं. शिट्टीचं मी मुद्दाम विचारलं. आठवडाभर नाही, म्हणाल्या. ओठाची जाणीव चार तासांनी परत आली. पहिली मुंगी आली तेव्हा मी गाडीत होतो, आणि कवठ्यापर्यंत ओठ चाचपत बसलो.

पहिले दोन दिवस बायकोनं नाचणीची आंबील, गार ताक-भात, मऊ वरण एवढंच दिलं. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्यानं हलक्या गुळण्या. तिसऱ्या दिवशी गाल सगळ्यात जास्त सुजला, सूज तेव्हाच चढते हे आधी सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. चौथ्या दिवशी मात्र कळ परत वाढली आणि मी घाबरलो. गुठळी निसटली की बरोबर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागतो, गोळीनंही उतरत नाही, असं ऐकून होतो. रविवार होता. दवाखान्याच्या फोनवर डॉक्टर भेटल्या नाहीत, मदतनीस मुलीनं फोन घेतला, पण अर्ध्या तासात उलटा फोन आला आणि संध्याकाळी त्यांनी दवाखाना उघडून बघितलं. गुठळी जागेवर होती, टाक्यापाशी भाताचं शीत अडकून हिरडी चिडली होती. धुऊन दिलं, पैसे घेतले नाहीत. सातव्या दिवशी टाके निघाले, त्याचेही वेगळे पैसे नाहीत. जूनमध्ये शेजारच्या दाढेतली ती खाच भरून घेतली. कीड अजून दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोचली नव्हती, साध्या भरावावर भागलं.

पैशांचं स्पष्ट लिहितो. तपासणी ३००, शस्त्रक्रिया ७,०००, औषधं ४८० च्या आसपास, नंतरचा भराव १,२००. आधीच्या ठिकाणचा ओपीजी त्यांनी चालवून घेतला, नवा काढायला लावला नाही. पावती मागितल्यावरच मिळाली, ती आपणहून द्यायला हवी. घरी न्यायचा सूचनांचा कागद इंग्रजीत होता, हे मला फार खटकलं. संमतिपत्र मराठीत करता येतं तर सूचनाही येतील. माझ्यापुढे एक म्हातारे शेतकरी तो कागद उलटासुलटा करत होते, मदतनीस मुलीनं त्यांना तोंडी समजावलं, पण घरी गेल्यावर किती लक्षात राहणार? एवढे पैसे जमणार नसतील त्यांनी दंत महाविद्यालयात जावं. सांगली परिसरात खाजगी आहेत, सरकारी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. तिथे शिकणारी मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त जातो, खर्च बराच कमी येतो.

माझ्याकडून या दवाखान्याला पाचपैकी चार. एक गुण वाट बघण्याचा आणि त्या कागदाचा कापला. जाताना जुना एक्स-रे असेल तर घेऊन जा, चालू गोळ्यांची पाकिटं घेऊन जा, आणि दुखणाऱ्या दाढेबरोबर न दुखणाऱ्या दाढांचंही विचारा, डॉक्टर उत्तर देतात.

सहाव्या दिवशी मी ड्युटीवर रुजू झालो. भडंग महिनाभर बंद ठेवला, सांगलीच्या माणसाला ते अवघड गेलं. खड्डा भरायला दोन महिने लागले, तोवर जेवण झालं की सिरिंजनं पाणी मारत होतो, ती सिरिंज कॅशच्या बॅगेतच ठेवलेली असे. डावीकडच्या गाडलेल्या दाढेचा एक्स-रे येत्या एप्रिलमध्ये आहे. तारीख मी माझ्या मिरज फेरीच्या दिवशीची घेतली आहे आणि पहिला नंबर मागून घेतलाय, गाडी तिथे पन्नास मिनिटं थांबते.